७० युरोला गोबेल्सचं थोबाड घेतलं

एल्बेकाठी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

परवाच्या शनिवारी हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारात एक रेडिओ घेतला. बायको म्हणाली, घरात आधीच तीन बंद पडलेल्या वस्तू आहेत, त्यातली एक तू. असो. काळा बॅकेलाइटचा डबा, वीतभर उंच वीतभर रुंद, वर मोठा गोल स्पीकर, त्याचं कापड धुरकट झालेलं, खाली मधोमध नुसत्या आकड्यांची चकती. चकतीच्या दोन्ही बाजूंना किमतीचे असतात तसले हिरवे गोल स्टिकर चिकटवलेले. मी नखाने एक उचकटायला गेलो तर दुकानवाला 'नाइन, नाइन' (नको, नको) करत धावलाच. खाली गरुड आणि स्वस्तिक आहे, ते उघडं मांडून विकलं तर इथे कायदा आडवा येतो. घरी नेऊन काय ते कर म्हणाला. ९० सांगत होता, ७० ला दिला.

तर हा डॉयचर क्लाइनएम्फेंगर, १९३८ चा. ह्याचा थोरला भाऊ फोल्क्सएम्फेंगर, म्हणजे 'जनतेचा रेडिओ', ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आला. मॉडेल नंबर ३०१, कारण हिटलर चान्सेलर झाला ती तारीख ३० जानेवारी! मॉडेल नंबरातसुद्धा आरती. किंमत ७६ मार्क, साध्या कामगाराचा अंदाजे दोन आठवड्यांचा पगार, पण त्या काळच्या इतर रेडिओंपेक्षा खूपच स्वस्त. मग पाच वर्षांनी हा धाकटा आला ३५ मार्काला. लोकांनी लगेच हिटलरच्या प्रचारमंत्र्यावरून नाव पाडलं 'गोबेल्सश्नाउत्से'. श्नाउत्से म्हणजे जनावराचं तोंड, तेव्हा मराठीत थोबाडच म्हणायला हवं.

गोबेल्सचं गणित सरळ होतं. घराघरात रेडिओ पाहिजे आणि त्यात आवाज आपलाच पाहिजे. म्हणून लांबची परदेशी स्टेशनं पकडणारी शॉर्टवेव्ह दिलीच नाही. १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशीचा वटहुकूम, परदेशी स्टेशन ऐकाल तर सक्तमजुरी, आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगून देशाच्या बचावाला धोका आणलात तर प्रसंगी मृत्युदंड. रेडिओच्या बटणाला अडकवायला एक छोटं कार्ड पण वाटलं होतं, 'लक्षात ठेवा, परदेशी केंद्र ऐकणं हा गुन्हा आहे' अशा अर्थाचं. म्हणजे आपणच स्वस्तात रेडिओ विकायचा आणि आपणच त्याच्या कानाला धमकीची चिठ्ठी बांधायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ९२. त्यांना रेडिओ दाखवायला नेला तर त्यांनी बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाल्या, आई रात्री ह्याच्यावर पिसांची रजई टाकायची आणि स्वतः रजईत शिरायची, आणि मला जिन्यात बसवायची, कोणी वर आलं तर मोठ्याने गाणं म्हणायचं. मी विचारलं काय ऐकायची, तर त्यांनी उत्तर दिलं नाही, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं, टक टक टक टऽऽक.

तीन लहान आणि एक लांब. मोर्समध्ये व्ही, व्हिक्टरीचा. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवातही तशीच, म्हणजे जर्मन माणसाचंच संगीत. बीबीसी तोच ठोका नगाऱ्यावर वाजवायची आणि मग निवेदक 'हिअर इस्ट एंग्लांड', म्हणजे 'हे इंग्लंड आहे'. रजईतून दुसरं काही नाही तरी नगारा ऐकू जायचा ना बाहेर, ह्याचा विचार लंडनमध्ये कोणी केला होता का देव जाणे.

माझा प्रश्न एवढाच. जिवावर बेतणारी गोष्ट होती, मग लोक ऐकायचे का? आणि शत्रूच्या बातम्यांवर विश्वास का ठेवायचे?

चिंचपोकळी_स्लो

भारी धागा. पण एक कळलं नाही, शॉर्टवेव्हच नव्हती तर लंडन लागायचं कसं?

(वहिनींना सांगा चौथी वस्तू तरी चालू करून दाखवणार म्हणून)

वायरमन_रिटायर्ड

माझा प्रांत आला. ३४ वर्षं रेडिओ टीव्ही दुरुस्तीत गेली आहेत.

बीबीसी जर्मनीसाठी शॉर्टवेव्हबरोबर मीडियम आणि लाँगवेव्हवर पण लावायची. मीडियम वेव्ह दिवसा जवळच्या जवळ राहते पण अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होते आणि शेकडो किलोमीटर जाते. आपण लहानपणी रात्री सिलोन किंवा लाहोर कसं खरखरत पकडायचो, तेच. हॅम्बुर्ग ते इंग्लंड अंतर त्या मानाने काहीच नाही. खिडकीतून चांगली लांब तार सोडली की झालं. तेव्हा 'ह्या रेडिओवर फक्त सरकारी स्टेशन लागायचं' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते अर्धसत्य. लागायला त्रास व्हायचा, एवढंच.

दुसरं, हा सेट रिजनरेटिव्ह आहे. म्हणजे व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) कमी वापरायचे म्हणून सिग्नलचाच थोडा भाग परत मागे देऊन वाढवायचा. ते बटण जास्त फिरवलं की सेट शिट्टी मारतो, आणि गंमत म्हणजे तो नुसता तुमच्या घरात शिट्टी मारत नाही, एरियलमधून बाहेर पण फेकतो, शेजाऱ्याच्या रेडिओत कुईईई येतं. लांबचं दुबळं स्टेशन पकडायला तेच बटण काठावर नेऊन ठेवावं लागतं. आता विचार करा, मध्यरात्री शेजारच्या नाझी काकांच्या रेडिओत कुईई आलं तर त्यांना काय वाटेल.

तिसरं आणि महत्त्वाचं. एल्बेकाठी, तो सेट असाच प्लगमध्ये घालू नका. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, चासी, म्हणजे आतली धातूची चौकट, थेट मेन्सवर असते. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून हात घातलात तर धागा आम्हाला श्रद्धांजलीचा काढावा लागेल. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, आणि कागदी कपॅसिटर सगळे बदला, ८५ वर्षांत त्यांचा लगदा झाला असेल.

एल्बेकाठी

काका, दंडवत. प्लग लावायच्या आधी वाचलं हे नशीब.

खडूस_आजोबा

धागा चांगला आहे पण नेहमीप्रमाणे एका बाजूला चाललाय. नाझी वाईट, ब्रिटिश सत्यवादी हरिश्चंद्र. १९२६ च्या सार्वत्रिक संपात बीबीसीने काय केलं? तेव्हाचा बीबीसीचा प्रमुख जॉन रीथ, त्याने आपल्या डायरीत लिहूनच ठेवलंय की आपण खरोखरचे निःपक्षपाती राहणार नाही ह्याचा सरकारला भरवसा आहे. आणि युद्धात तर त्यांनी खोटी जर्मन स्टेशनं चालवली. सेफ्टन डेल्मर नाव ऐकलंय का? बर्लिनला जन्मलेला, डेली एक्सप्रेसचा बातमीदार. मे १९४१ मध्ये ह्याने 'गुस्ताव झिगफ्रीड आइन्स' नावाचं स्टेशन काढलं, त्यावर 'डेर शेफ' नावाचा एक कट्टर प्रशियन लष्करी माणूस रोज येऊन चर्चिलला शिव्या द्यायचा. आणि त्या ओघात नाझी पुढाऱ्यांची लफडी, भ्रष्टाचार, चावट भानगडी, असं सगळं सांगायचा, जणू जर्मनीत लपून एक देशभक्त चिडून बोलतोय. होता इंग्लंडमध्ये, बोलणारा जर्मनीतून पळून आलेला एक रहस्यकथालेखक. भाषा इतकी घाण की स्टॅफर्ड क्रिप्सने (होय, तोच आपला क्रिप्स मिशनवाला) तक्रार केली. हे सत्य का तुमचं?

चिंचपोकळी_स्लो

आजोबा हे तर व्हॉट्सॲप फॉरवर्ड झालं, 'एका देशभक्त अधिकाऱ्याने सांगितलेलं सत्य, डिलीट व्हायच्या आत वाचा'

खडूस_आजोबा

अगदी. आणि शेवट ऐक. १९४३ च्या शेवटी ते स्टेशन बंद करायचं ठरलं, म्हणून कार्यक्रमात गेस्टापो धाड टाकते, गोळ्यांचा आवाज, शेफ खलास, असं नाटक केलं. ट्रान्समीटरवरच्या माणसाला जर्मन येत नव्हतं, त्याने नेहमीच्या वेळेला तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. शेफ दोनदा मेला.

मिडलसेक्सची_माई

😂 आजोबा, हे मस्तच. पण तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडतो बरं का. डेल्मरचा कारभार आणि बीबीसीची जर्मन सेवा ही दोन वेगळी दुकानं होती आणि बीबीसीवाल्यांना त्याचा शेजार अजिबात नको असायचा. कारण साधं आहे, एकाला फक्त शंका पेरायची होती, ती खोटं बोलूनही पेरता येते. दुसऱ्याला उद्या परत ऐकायला यावं असं गिऱ्हाईक हवं होतं.

जर्मन सेवा सुरू झाली २७ सप्टेंबर १९३८ ला, म्युनिक कराराच्या धामधुमीत, ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनच्या भाषणाचं जर्मन भाषांतर वाचून. १९४० पासून ह्यू कार्लटन ग्रीन तिथे प्रमुख. हा आधी बर्लिनमध्ये डेली टेलिग्राफचा बातमीदार होता आणि १९३९ मध्ये जर्मनीने त्याला हाकललेलं. त्याचं म्हणणं असं की आपला पराभव झाला तर तो आपणच सांगायचा, पहिल्यांदा सांगायचा. सिंगापूर पडलं, टोब्रुक पडलं, सगळं सांगितलं. चुलीपाशी बसलेल्या जर्मन माणसाने विचार केला, हे स्वतःचा मार लपवत नाहीत, म्हणजे आमचा मार सांगतील तोही खरा असेल. आणि मग फेब्रुवारी १९४३ ला स्टॅलिनग्राडला जर्मन सैन्य हरलं. म्हणजे तीन वर्षं उधारी साठवली आणि एकदम वसूल केली. ह्याला हरिश्चंद्र म्हणत नाहीत, ह्याला वाणसौदा म्हणतात, आणि चोख.

आता उलट बाजू. इथे इंग्लंडमध्ये जर्मन रेडिओ ऐकणं गुन्हा नव्हता! लॉर्ड हॉ-हॉ, म्हणजे विल्यम जॉइस, जर्मन रेडिओवरून नाकातून 'जर्मनी कॉलिंग' म्हणायचा आणि १९३९-४० च्या हिवाळ्यात लाखो ब्रिटिश लोक त्याला मनोरंजन म्हणून ऐकायचे, नाटकांत त्याच्या नकला व्हायच्या. ब्लॅकआउट, बाहेर अंधार, बीबीसीवर अखंड ऑर्गन वाजतंय, काय करणार माणूस. सरकारला काळजी वाटली पण बंदी काही घातली नाही. पुढे बॉम्ब पडायला लागल्यावर लोकांचा मूडच गेला.

एल्बेकाठी

माई, 'वाणसौदा' एकदम पटलं. आणि तुमचा जॉइस बोलायचा तो आवाज आमच्या हॅम्बुर्गच्या स्टेशनावरूनही जायचा! इथल्या रोटेनबाउमशोसे रस्त्यावर अजून रेडिओची इमारत आहे, मी त्या रस्त्याने सायकलवरून ऑफिसला जातो.

पण 'गिऱ्हाईक' म्हणताना त्या गिऱ्हाइकाने किती मोजले तेही सांगायला हवं. ह्याच शहरातला हेल्मुट ह्युबेनर. सरकारी कचेरीत उमेदवारी करणारा पोरगा. भावाने आणलेल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर लंडन ऐकायचा, ऐकलेलं टाइप करून पत्रकं करायचा आणि मित्रांबरोबर लोकांच्या पत्रपेटीत, कोटाच्या खिशात टाकायचा. फेब्रुवारी १९४२ ला पकडला, २७ ऑक्टोबर १९४२ ला बर्लिनच्या प्लॉट्झेनझेमध्ये डोकं उडवलं. वय १७. बरोबरच्या मुलांना कैद झाली. ह्याने बॉम्ब ठेवला नव्हता की काही नाही, बातम्या उतरवून काढल्या होत्या. आमच्या मुलीला ही गोष्ट शाळेत शिकवली, घरी येऊन म्हणाली बाबा तो दादाएवढाच होता.

नदीकाठ

वाचतेय. जर्मन कादंबरीकार थोमास मानबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. तो अमेरिकेत होता (१९४१ पासून कॅलिफोर्नियात) आणि ऑक्टोबर १९४० पासून बीबीसीवरून 'डॉयचे ह्योरर' म्हणजे 'जर्मन श्रोतेहो' अशी भाषणं द्यायचा. सुरुवातीला तारेने मजकूर लंडनला जायचा आणि तिथला कोणी वाचायचा. मग त्याला वाटलं आवाज आपलाच पाहिजे. म्हणून लॉस एंजेलिसला रेकॉर्ड करायचं, तबकडी विमानाने न्यूयॉर्कला, तिथून फोनच्या लाइनीवरून लंडनला वाजवायची, तिथे परत तबकडी, मग ती मायक्रोफोनसमोर. एवढे हात बदलून आवाज रजईत पोचायचा.

मार्च १९४२ च्या शेवटी ब्रिटिशांनी ल्युबेकवर बॉम्ब टाकले, त्याचं जन्मगाव, त्याच्या आजोबांचं घर पण उद्ध्वस्त. आणि हा त्याच ब्रिटिशांच्या रेडिओवर बोलायला बसला. गाव आठवून वाईट वाटतं म्हणाला, पण मला जर्मनांनी बॉम्ब टाकलेलं इंग्लंडमधलं कोव्हेंट्री पण आठवतं म्हणाला. मला हे वाचल्यापासून पचलेलं नाहीये. धाडस म्हणू की निष्ठुरपणा, माहीत नाही.

दत्तू_इचलकरंजी

हे सगळं युरोपात चाललंय, आपण कुठे होतो? तर आपण दोन्ही मायक्रोफोनवर होतो!

सुभाषबाबू जर्मनीतून आझाद हिंद रेडिओवर बोलत होते, १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर त्यांनी उघडपणे स्वतःच्या नावाने भाषण केलं. त्या रेडिओच्या बातम्या हिंदी, बंगाली, तमिळ अशा बऱ्याच भाषांत असायच्या, त्यात मराठीसुद्धा. आणि त्याच वेळी समोर लंडनमध्ये बीबीसीच्या भारतीय विभागात लेखक जॉर्ज ऑर्वेल बसलेला, आणि त्याच्याबरोबर काम करायला आमच्या शिरोळच्या वेणू चितळे. कोल्हापूरहून तासाभरावरचं गाव हो! एक प्रसिद्ध फोटो आहे, मायक्रोफोनभोवती मंडळी जमलीयेत, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, मागे उभा ऑर्वेल, आणि त्यात साडीतल्या वेणूताई.

म्हणजे बर्लिनहून एक मराठी आवाज म्हणतोय ब्रिटिश बुडाले, आणि लंडनहून दुसरा मराठी आवाज म्हणतोय नाही. आणि मधे आपला आजोबा गावातल्या एकमेव रेडिओसमोर पारावर, तोही सावकाराच्या घरचा.

खडूस_आजोबा

दत्तू, तू माझंच काम सोपं केलंस. माईंचा 'चोख वाणसौदा' इंग्लंड-जर्मनीपुरता. ऑगस्ट १९४२ ला इथे काँग्रेसचे सगळे पुढारी तुरुंगात, पेपरवर सेन्सॉर, मुंबईत उषा मेहता लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवतायत आणि नोव्हेंबरात पकडल्या जातात. जर्मन माणसाने लपून बीबीसी ऐकली तर तो स्वातंत्र्याचा श्रोता आणि मुंबईतल्या पोरीने रेडिओ चालवला तर ती गुन्हेगार? वसाहतीत माप वेगळं होतं. ऑर्वेल पण दोन वर्षांत कंटाळून सोडून गेला ना.

मिडलसेक्सची_माई

हे मात्र मान्य, आजोबा. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रीथने १९३० च्या दशकात चर्चिललासुद्धा हिंदुस्थानच्या प्रश्नावर मायक्रोफोन द्यायला टाळाटाळ केली होती, आणि आपल्या बाजूच्या माणसांना तर विचारायलाच नको.

चिंचपोकळी_स्लो

आजोबा आणि माई सहमत!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय

त्या हॉ-हॉचं पुढे काय झालं पण?

मिडलसेक्सची_माई

एल्बेकाठींच्या गावात सुरुवात होते म्हणून त्यांनी सांगावं खरं तर, पण मलाच राहवत नाही.

३० एप्रिल १९४५ ला जॉइसने हॅम्बुर्गहून शेवटचं भाषण रेकॉर्ड केलं, चक्क दारू पिऊन, जीभ जड झालेली ऐकू येते. दुसऱ्या दिवशी रात्री हॅम्बुर्गच्याच रेडिओने हिटलर मेल्याचं जाहीर केलं, तेसुद्धा 'लढता लढता पडला' असं, म्हणजे शेवटची बातमी पण थापच. ३ मेला ब्रिटिश सैन्य शहरात, ४ मेला त्याच इमारतीतून 'रेडिओ हॅम्बुर्ग' ब्रिटिशांच्या ताब्यात सुरू.

ते स्टेशन ताब्यात घेणाऱ्यांत जेफ्री पेरी नावाचा ब्रिटिश अधिकारी होता, मूळचा बर्लिनचा ज्यू, जन्मनाव होर्स्ट पिन्शेवर. जॉइसच्याच मायक्रोफोनवरून हा बोलला. आणि काही आठवड्यांनी, २८ मेला, फ्लेन्सबुर्गजवळच्या जंगलात हा आणि एक सहकारी सरपण गोळा करत असताना एक लंगडत चालणारा माणूस आला आणि म्हणाला, तिकडे अजून लाकडं आहेत. बस, आवाजच. सहा वर्षं सगळ्या इंग्लंडने ऐकलेला आवाज. पेरीने विचारलं, तू विल्यम जॉइस तर नाहीस ना? त्याने खिशात हात घातला, पेरीला वाटलं पिस्तूल, गोळी झाडली ती पार्श्वभागात. खिशात निघाला खोट्या नावाचा पासपोर्ट.

आणि फासावर चढवलं तेही पासपोर्टनेच! जॉइस जन्माने अमेरिकन, न्यूयॉर्कचा. मग ब्रिटनशी देशद्रोह कसा? तर त्याने पूर्वी खोटं सांगून ब्रिटिश पासपोर्ट काढला होता, तो १९४० च्या मध्यापर्यंत चालू होता, तेवढ्या काळात तो राजाच्या संरक्षणात होता म्हणून निष्ठा देणं लागत होता, असा निकाल. ३ जानेवारी १९४६, वॉन्ड्सवर्थ तुरुंग.

नदीकाठ

आवाजावरून ओळखला... अंगावर काटा आला.

एल्बेकाठी

माई, आता मी त्या रस्त्याने सायकल चालवताना काय काय आठवायचं?

थोडी भर. तोच ह्यू ग्रीन १९४६ ला हॅम्बुर्गला आला, जर्मन रेडिओ नव्याने उभा करायला. बीबीसीच्या धर्तीवर, सरकारचा नाही आणि जाहिरातदाराचाही नाही, असा. त्यातून पुढे इथलं एनडीआर आणि कोलोनचं डब्ल्यूडीआर ही प्रसारण केंद्रं निघाली. आम्ही दर तीन महिन्यांनी रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी भरतो आणि दर वेळी कुरकुरतो, त्याचं मूळ इथे आहे. घरात टीव्ही नाही म्हणून मी एकदा पत्र लिहून बघितलं होतं, दोन पानी नम्र नकार आला, जर्मन भाषेत नम्र नकार केवढा लांब असतो ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे.

वायरमन_रिटायर्ड

सेटचं काय झालं ते सांगा आधी.

एल्बेकाठी

काका, तीन आठवडे लागले. तुम्ही व्यक्तिगत निरोपात पाठवलेल्या यादीप्रमाणे कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर लावला, इथल्या एका हौशी रेडिओवाल्या म्हाताऱ्याने व्हॉल्व्ह तपासून दिला. हिरवे स्टिकर काढले नाहीत, राहू देत. काल रात्री साडेदहाला बाल्कनीतून झाडापर्यंत १५ मीटर तार सोडली. खालच्या आजींना विचारलं येता का, त्या काठी टेकत वर आल्या, खुर्चीत बसल्या.

सुरू केल्यावर आधी जळक्या धुळीचा वास. मग घूंऽऽ. मग चकती फिरवायला घेतली. जर्मन स्टेशन एकही नाही. इथल्या रेडिओने २०१५ अखेरपर्यंत मीडियम वेव्ह बंदच करून टाकली, ज्यासाठी हा डबा बनवला तो एकही आवाज आता हवेत नाहीये. खरखर, कुठलीतरी लांबची गाणी, तुम्ही म्हणालात तशी कुईईई, मी बटण जरा मागे घेतलं, आणि एकदम स्वच्छ इंग्रजी. दोन माणसं आर्सेनलच्या बचावफळीवर तावातावाने भांडत होती. बीबीसीचं फाइव्ह लाइव्ह, ते अजून मीडियम वेव्हवर आहे.

आजींनी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, लंडन.

त्यांनी मान हलवली आणि आवाज कमी कर म्हणाल्या.